दोन घरं, एक ओटा आणि ग्लुटेन : कुठलं घर घेऊ?

मधली_खिडकी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय. असा धागा आधी झाला असेल तर सांगा, हा उडवायला लावते.

लेकीला (वय ९) आठ महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅक निघालं. म्हणजे ग्लुटेन (गहू, बार्ली, राय यांतलं प्रथिन) पोटात गेलं की आतड्याला इजा, त्यामुळे हे तिन्ही कायमचे बंद. सध्याच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे बोळ आहे, एकजण ओट्याशी उभा राहिला की दुसऱ्याने दाराबाहेर रांग लावायची. आम्ही लेबलं वाचून वाचून पाठ केलीत, बाहेरचं खाणं जवळजवळ बंदच आहे, तरी परवाच्या रक्ततपासणीत अँटीबॉडी (ग्लुटेन पोटात जात असल्याची खूण) उतरल्यात पण नॉर्मलला आलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या कुठूनतरी थोडं थोडं पोटात जात असणार. म्हणजे गळती घरातच.

घर बदलायचंच होतं, आता दोन घरांवर गाडी अडलीय.

क्र. १ : मोठं ओपन किचन, हॉललाच जोडून. मधे बेट (चारी बाजूंनी मोकळा ओटा), बेटावरच शेगडी, वर चकचकीत चिमणी. पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा. नवरा बघताक्षणी प्रेमात.

क्र. २ : जुनं घर. स्वयंपाकघर लहान पण वेगळं, त्याला दार आहे, बाहेरच्या भिंतीला खिडकी. ओटा आखूड, फरशीच्या फटी काळ्याकुट्ट. मागे एक छोटी बंद बाल्कनी.

घरात आम्ही पाच. मी, नवरा (याला दूध पचत नाही), लेक, धाकटा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना स्वतः पीठ मळून ब्रेड भाजायचा नाद आहे आणि हाताला चव अशी की वास आला की शेजारचे काहीतरी निमित्त काढून येतात.

शाळा, अंतर, पैसे वगैरे बाकी सगळं सारखं धरा. फक्त स्वयंपाकघर बघून सांगा, कुठलं घेऊ?

टवाळपंथी
तुम्ही क्र. २ घ्या, क्र. १ मी घेतो. रुमाल टाकला.

निवांत_नाना
वरच्या प्रतिसादाच्या पहिल्या अर्ध्याला अनुमोदन. क्र. २, डोळे झाकून.

आमच्या घरात मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे, अकरा वर्षं झाली. ओपन किचनमधे कोणीतरी पिठाची पिशवी उघडून डब्यात ओतते तेव्हा उन्हाच्या तिरिपेत बघा एकदा. तो धूर दिसतो ना, तो तासन्तास खाली बसत नाही आणि बसतो तेव्हा सोफ्यावर, टीव्हीवर, मुलांच्या वह्यांवर, पाण्याच्या भांड्यावर बसतो. तिथून बोटं, बोटांवरून तोंड. ब्रेडचा चुरा निदान दिसतो तरी, उचलता येतो. पीठ दिसत नाही. त्यामुळे स्वयंपाकघराला दार असणं ही माझ्यासाठी पहिली अट.

आणि ताई, अँटीबॉडी आठ महिन्यांत नॉर्मल आल्या नाहीत म्हणून लगेच स्वतःला दोष देऊ नका. मला दीड वर्ष लागलं. उतरतायत हे महत्त्वाचं.

ओटाशास्त्र
नानांशी अर्धाच सहमत. स्वयंपाकघरं करून देणं हा माझा धंदा आहे त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.

दार चांगलंच, पण आखूड ओटा ही दारापेक्षा मोठी भानगड आहे. एकाच घरात गहू आणि बिनगहू दोन्ही चालणार असेल तर ओट्याचे दोन तुकडे हवेत आणि ते दोन तुकडे सिंकच्या किंवा शेगडीच्या दोन बाजूंना हवेत, शेजारी शेजारी नकोत. आखूड ओट्यावर काय होतं सांगतो. सकाळी पुसून घेतो, दुपारी पुसून घेतो, रात्री आठ वाजता सगळ्यांना भूक लागलेली असते तेव्हा कोणीही पुसत नाही. नियम मोडतो तो आठ वाजता. म्हणून घर बघायला जाल तेव्हा आठ वाजताचं घर डोळ्यासमोर आणा.

आता क्र. १ बद्दल. क्वार्ट्झ छान, त्याला छिद्रं नसतात, ग्रॅनाइटसारखं सील करत बसावं लागत नाही. पण ओट्यातून काही आत मुरेल ही भीती लोकांना उगाच जास्त असते. मला भीती सांध्यांची वाटते. ओटा आणि भिंत यांच्यातली सिलिकॉनची पट्टी, शेगडीच्या काचेची कड, सिंकची कड, ड्रॉवरच्या आतला कोपरा. पीठ तिथे राहतं. क्र. २ मधल्या काळ्या फटी दिसतात तरी, क्र. १ मधल्याही असणारच, फक्त नव्या आहेत.

बेटावरची शेगडी मला कधीच आवडत नाही. भिंतीला लागून असलेल्या शेगडीची वाफ भिंत धरून वर जाते, बेटावरची चहूबाजूंनी पसरते, चिमणी तितकीच ताकदीची असली तरी कमी ओढते. आणि चिमणी चकचकीत आहे म्हणताय, पण हवा जाते कुठे ते विचारलंत का? बऱ्याच चिमण्या हवा बाहेर टाकतच नाहीत, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत खोलीतच सोडतात. वास कमी होतो, बाकी हवा तीच. वरचं कपाट उघडा आणि पाईप आहे का बघा. दलालाला विचारू नका, तो हो म्हणेल.

चुरमुरी
"नियम मोडतो तो आठ वाजता" हे फ्रेम करून लावणार आहे. हहपुवा (हसून हसून पुरेवाट) आणि खरंही.

साशंक
राग मानू नका पण हे जरा अती होत नाहीये का? आमच्या लहानपणी कोणाला असलं काही नव्हतं. एकाच ओट्यावर सगळं व्हायचं, सगळे धडधाकट. आता घरसुद्धा ग्लुटेन बघून घ्यायचं? उद्या जोडीदारही.

निवांत_नाना
जोडीदारही बघतो की. बायकोने संध्याकाळी बिअर घेतली तर दात घासल्याशिवाय जवळ येत नाही. बार्ली असते त्यात. बत्तीस वर्षांचा संसार आहे.

जुनी_वही
@साशंक, "नव्हतं" नाही, कळत नव्हतं. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. काही मुलं खातात-पितात तरी खंगत जातात, पोट फुगतं, हातपाय काड्या, अशी मुलं त्यांच्याकडे होती आणि गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधे दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला. बाकी सगळं गाव उपाशी आणि ही मुलं मात्र सुधारायला लागली. ब्रेड परत आला तशी परत आजारी. १९५० मधे त्यांनी यावर प्रबंध लिहिला. त्याच्या आधी अशी कित्येक मुलं "अंगी लागत नाही" या सदरात दगावलीच. तुमच्या लहानपणीही ती असणार, फक्त तुमच्याबरोबर खेळायला येत नसतील.

जगात साधारण शंभरात एकाला सिलिअ‍ॅक असतो. नवलाई नाही.

साशंक
बरं, ही माहिती नव्हती. शब्द मागे. पण ओट्यावरच्या कणाने फरक पडतो हे अजून पचत नाही (श्लेष नकळत झाला).

जुनी_वही
हिशोब करून बघा. बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना दिवसाला १० मिलीग्रॅमच्या आत ग्लुटेन गेलं तर चालतं असं धरतात. रोज ५० मिलीग्रॅम दिल्यावर तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसलेली आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन. म्हणजे १० मिलीग्रॅम ग्लुटेन म्हणजे ०.१ ग्रॅम पीठ. चिमटीत धरलंत तर चिमूट भरणार नाही. ब्रेडच्या एका स्लाइसमधे दोन ग्रॅम किंवा जास्त ग्लुटेन, त्याचा दोनशेवा भाग करा आणि बशीत ठेवून बघा दिसतो का. "ग्लुटेन फ्री" लिहायला वीस पीपीएमची मर्यादा असते, म्हणजे किलोमागे वीस मिलीग्रॅम, ती याच हिशोबातून.

मधली_खिडकी
बापरे, इतके प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

@ओटाशास्त्र, पाईप बघितला नाही. परत जाऊन बघते.

@साशंक, राग नाही, आमच्याही घरात पहिले दोन महिने हेच वाक्य रोज ऐकू यायचं. आता ज्यांचं वाक्य होतं तेच किराणा सामानाची लेबलं भिंग घेऊन वाचतात.

शेंगा_नकोत
माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, सिलिअ‍ॅक नाही, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. आमचं संकट हळूहळू येत नाही, दहा मिनिटांत येतं.

आम्ही घर निवडताना सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवला तर सिंकवर. हात धुवायला स्वयंपाकघरात शिरायच्या आधी नळ हवा. दारातून आलं की आधी साबण, मग बाकी सगळं. सॅनिटायझरच्या जेलने शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही, नुसत्या पाण्यानेही भरवशाचं जात नाही, साबण नाहीतर ओल्या वाइप्स लागतात. यावर २००४ मधे अभ्यास झालाय आणि त्यात गंमत म्हणजे टेबलं पुसायला भांड्याचा साबण वापरला तर काही टेबलांवर अंश राहिले, घरगुती क्लीनरने मात्र गेले. तेव्हापासून आमच्याकडे ओट्याचं वेगळं आणि भांड्याचं वेगळं.

दुसरी गोष्ट कोणीच लिहिली नाही. अ‍ॅड्रेनालिनचं पेन (जोराची रिअॅक्शन आली की लगेच टोचायचं इंजेक्शन) कुठे ठेवणार? ते २० ते २५ अंशात ठेवायचं असतं. शेगडीवरच्या कपाटात नको, फ्रीजमधेही नको, खिडकीच्या उन्हात नको. आणि कुलपात तर अजिबात नको. आमच्याकडे जेवायच्या टेबलाजवळच्या भिंतीवर उघडा खण आहे, पाहुण्यांनाही दाखवून ठेवतो. मी घर बघायला गेले की आधी तो खण कुठे होईल ते शोधायचे, दलालाला वाटायचं बाईला देवघर हवंय.

खमंग
म्हणजे शेजारी शेंगदाणे भाजले तरी धोका? मग बंद खिडकीवालं घर हवं.

शेंगा_नकोत
नाही, हा गैरसमज मीही बरीच वर्षं उराशी धरला होता. वास म्हणजे प्रथिन नव्हे. वास देणारे पदार्थ वेगळे, ते हवेत उडतात, अ‍ॅलर्जी देणारं प्रथिन तसं उडत नाही. मुलांना पीनट बटरचा वास मुद्दाम देऊन बघितलंय, काही झालं नाही. भीतीने घाबरं होतं ते वेगळं. मात्र कूट केलं आणि ते उडालं तर ती भुकटी झाली, ते नानांच्या पिठासारखंच.

खेकडा_उलटा
मासे आणि कवचवाले प्राणी यांना हा नियम लागू नाही हां. उकळताना वाफेबरोबर प्रथिनही वर येतं. माझ्या बहिणीला कोळंबी चालत नाही, शेजारच्या खोलीत पातेलं उकळत होतं आणि हिला खोकला सुरू. म्हणून तिने घर घेताना बाहेर फेकणारी चिमणीच बघितली, आणि ती मागच्या बर्नरवरच शिजवायला लावते सगळ्यांना. मागच्या बर्नरची वाफ चिमणी जास्त पकडते, पुढच्याची तोंडावर येते.

ओटाशास्त्र
बरोबर. मागचा बर्नर हा फुकटातला सगळ्यात चांगला सल्ला आहे आणि तो ऐकणारे गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

पोट_माझं_दुखतं
धाग्याचं नाव बघून आलो, मला वाटलं इथे दुधाबद्दलही असेल. धागाकर्तीच्या नवऱ्याला दूध पचत नाही ना, त्याचं काय? त्याला वेगळा ओटा?

जुनी_वही
नको. लॅक्टोज पचत नसेल तर ती साखर पचवणारं एन्झाइम कमी पडतं, इतकंच. ओट्यावरच्या थेंबाने काही होत नाही. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना हे थोडंफार असतं. दुधाची अ‍ॅलर्जी मात्र वेगळी, तिथे प्रथिनाशी भांडण आहे आणि थेंबही महागात पडू शकतो. दोन्हीला लोक "दूध चालत नाही" म्हणतात आणि घोळ होतो. घर बघण्याआधी हे नीट समजून घ्या, नाहीतर नको तिथे भिंत बांधाल आणि हवी तिथे नाही.

पोट_माझं_दुखतं
धन्यवाद. म्हणजे तीन वर्षं मी बायकोला माझा चमचा वेगळा ठेवायला लावतोय ते...

टवाळपंथी
ते तिला आजच सांगू नका. चांगला मुहूर्त बघा.

उरलंसुरलं
अवांतर होईल पण लिहितेच. मला हिस्टामिनचा त्रास आहे, त्यामुळे माझ्यासाठी घराचा प्रश्न म्हणजे फ्रीजचा प्रश्न. उरलेलं अन्न जितकं जास्त वेळ बाहेर किंवा फ्रीजमधेही राहील तितकं हिस्टामिन वाढतं, मासळीत तर फारच, आणि एकदा तयार झालं की शिजवून जात नाही. म्हणून मला शिजवलं की लगेच लहान डब्यांत भरून उणे अठराला टाकावं लागतं. मी घर बघताना टेप घेऊन गेले आणि फ्रीजसाठी ठेवलेला कोनाडा मोजला, तो इतका अरुंद की मोठा फ्रीजर बसेना, दलाल म्हणाला मॅडम फ्रीज बाहेर ठेवा की हॉलमधे. ठेवला. आता येणारा प्रत्येक जण आधी फ्रीज उघडून बघतो, त्याची सवय झाली.

चांदीचा_चमचा
माझी अजून वेगळी गोष्ट. निकेल. अंगावर पुरळ म्हणून सुरुवात, मग कळलं खाण्यातलं निकेलही त्रास देतंय. स्टीलच्या ज्या भांड्यांवर १८/८ लिहिलेलं असतं त्यात आठ टक्के निकेल असतं आणि टोमॅटोसारखं आंबट शिजवलं की थोडं उतरतं. स्टीलच्या ओट्याचं फार कौतुक असतं, छिद्रं नाहीत वगैरे, ते खरं, पण मला नको. बीड, काच आणि मुलामा दिलेली भांडी यावर चाललंय. सांगायचा मुद्दा एवढाच की "आदर्श स्वयंपाकघर" असं काही नसतं, कोणाचं पोट हे आधी विचारावं लागतं.

टोस्टर_वीर
टोस्टरवर कोणीच कसं बोललं नाही? आम्ही तर टोस्टर वेगळा, त्यासाठी कपाट वेगळं, प्लगही वेगळा!!

जुनी_वही
प्लग?? प्लगमधून ग्लुटेन येत नाही हो.

टोस्टरचं म्हणाल तर २०२० मधे एक छोटा अभ्यास आला होता. एकाच टोस्टरमधे दोन्ही ब्रेड भाजले तरी बिनग्लुटेनचा ब्रेड वीस पीपीएमच्या आतच राहिला. पण ज्या पाण्यात साधा पास्ता उकळला त्याच पाण्यात बिनग्लुटेनचा उकळला की आकडा वीसच्या वर गेला. लोक टोस्टरला घाबरतात आणि पातेल्याला नाही, प्रत्यक्षात उलटं असू शकतं. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर टोस्टर एकच ठेवा असा सल्ला मी देणार नाही. पण पाणी, गाळणी, लाकडी उलथनं, लाटणं, यांच्याकडे आधी बघा. गाळणीची भोकं धुवून कधी स्वच्छ होतात का?

टोस्टर_वीर
प्लग बायकोची आयडिया होती.

टवाळपंथी
या धाग्यावर सगळ्या बायका घाऊक दोषी ठरत चालल्यात.

दोन_डब्यांची_आई
थांबा जरा. सगळे घर क्र. १ की २ करतायत, मला प्रश्नच उलटा वाटतोय. मधली_खिडकी, आधी हे ठरवा की नव्या घरात गव्हाचं कोरडं पीठ येणार आहे की नाही. घर नंतर.

आमच्याकडे दोन्ही मुलांना सिलिअ‍ॅक. आधीचं घर मोठं होतं, ओटा लांबलचक, मी त्यावर चिकटपट्टी मारून सीमा आखली होती, लाल पलीकडे, हिरवी अलीकडे. रंगीत डबे, रंगीत चमचे, रंगीत फडकी. एके दिवशी धाकट्याने कपाटातून हिरवा डबा काढला आणि डब्याच्या झाकणाच्या आतल्या कडेला पांढरी रेघ. झाकण धुतलेलं होतं, पण वाळत ठेवलं होतं कुठे? मळलेल्या परातीशेजारी. एक रेघ, नखाएवढी. त्या दिवशी मी खाली फरशीवर बसून रडले, कारण मला कळलं की एवढी सगळी रंगरंगोटी ही माझ्या समाधानासाठी होती.

मग काय केलं, तर कोरडं पीठ घरातून घालवलं. गहू नाही घालवला. तयार ब्रेड येतो, नवरा खातो, टेबलाच्या त्याच्या टोकाला, ताटलीवर, तिथेच चुरा झटकून ताटली सरळ डिशवॉशरमधे. चुरा आणि धूळ यात जमीनअस्मानाचा फरक आहे. चुऱ्याला हद्द पाळायला लावता येते, पिठाला नाही. आता आम्ही आधीच्या निम्म्या घरात राहतो, ओटा आखूड, आणि दोघांच्याही अँटीबॉडी नॉर्मल आहेत.

म्हणजे पीठ येणार नसेल तर दोन्ही घरं चालतील, येणार असेल तर दोन्ही अवघड. तुमचा प्रश्न ओट्याचा नाही, सासूबाईंच्या ब्रेडचा आहे. तो तुम्ही पहिल्या पोस्टमधे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लपवलाय असं मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या.

चुरमुरी
अगागा. नेमकं.

निवांत_नाना
मानलं. मी दाराबद्दल एवढं लिहिलं, पण खरं सांगायचं तर आमच्याकडेही पीठ आठ वर्षांपूर्वीच बंद झालंय, दार आता मांजरासाठी लावतो.

मधली_खिडकी
@दोन_डब्यांची_आई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस लिहिलंच नाही. लपवलं होतं, खरंय. स्वतःपासूनच.

सासूबाई तर निदान झालं त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, बंद करते. मीच नको म्हटलं. सासरे गेल्यावर वर्षभर त्या कशातच नव्हत्या, ब्रेड करायला लागल्या तेव्हा परत बोलायला लागल्या. ते काढून घ्यायचं आणि तेही लेकीच्या नावावर, म्हणजे उद्या लेकीला वाटणार की आजीचं माझ्यामुळे गेलं. म्हणून मी घर शोधत होते. मोठा ओटा मिळाला की सगळं मिटेल असं.

साशंक
आता मात्र मी गप्प बसतो.

ओटाशास्त्र
क्र. २ ची ती मागची बाल्कनी किती मोठी आहे? बंद म्हणालात म्हणजे खिडक्या आहेत का नुसती जाळी? प्लग आहे? नळ आहे? मधे दार आहे?

मधली_खिडकी
परवा परत चाललोय दोन्हीकडे. या वेळी सासूबाई पण येतायत आणि टॉर्च घेतलाय. येऊन लिहिते.

पीठकिडा
बाल्कनीत बेकरी काढायचा विचार असेल तर एक गोष्ट, पीठ तिथे ओलसर हवेत ठेवू नका. पिठात डोळ्यांना न दिसणारे माइट्स होतात आणि ज्यांना धुळीच्या माइट्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांना त्या पिठाचं खाऊन जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. याला पॅनकेक सिंड्रोम म्हणतात, थट्टा नाही, खरंच हेच नाव आहे. भाजूनही जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमधे.

टवाळपंथी
या धाग्यावर आल्यापासून मी फक्त पाणी पितोय.

चांदीचा_चमचा
नळ कशाचा आहे बघितलंत ना?

मधली_खिडकी
आले. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच एवढं बघितलं.

क्र. १ : वरचं कपाट उघडलं. पाईप नाही. बेटावरच्या चिमणीच्या वरच्या बाजूला बारीक झरोके आहेत, हवा तिथून परत खोलीत. दलाल म्हणाला "लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे". मग ओव्हनखालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला आणि मागे टॉर्च मारला तर तिथे चुऱ्याचा ढीग, काळा पडलेला, त्यात एक पेन्सिल आणि खेळण्यातल्या गाडीचं चाक. ओव्हनच्या आत मागच्या पंख्याच्या जाळीवर पिठासारखी पांढरट पूड. नवऱ्याने त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि त्याचं प्रेम तिथल्या तिथे संपलं. (हे सगळं साफ करता येईल, ओव्हन बदलता येईल, मला कळतं. पण भिंत कुठून आणणार?)

क्र. २ : ओटा मोजला, १ मीटर ६० सेंटीमीटर. आखूडच. दार बसतं पण खाली बोटभर फट आहे. फटी खरवडून नव्याने भराव्या लागतील. बाल्कनीला काचेच्या खिडक्या आहेत, दोन उघडतात. प्लग आहे, नळ आहे, आणि मधे वेगळं दार आहे जे मी पहिल्यांदा बघितलंच नव्हतं कारण त्यासमोर कपाट लावलेलं.

मी स्वयंपाकघरात टेप धरून बसले होते, सासूबाई बाल्कनीत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मला वाटलं रडतायत का. बघते तर दोन्ही हात पसरून अंतर मोजत होत्या. म्हणाल्या, "टेबल इथे, ओव्हन त्या कोपऱ्यात, एप्रन या खुंटीला, एप्रन घालून मी आत येणार नाही." मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "आणि तू इकडे यायचं नाही, काचेतून बघायचं. बेकरीत गिऱ्हाईक बाहेरच थांबतं."

रस्त्यात त्यांनीच पुढचं ठरवलं. मळण-भाजणं आठवड्यातून एकच दिवस, लेक शाळेत असताना. पीठ बाल्कनीच्या बाहेर येणार नाही. ओट्यावर, आतल्या सिंकमधे, आतल्या कपाटात गव्हाचं काहीही नाही, म्हणजे ओटा आखूड असला तरी त्याचे दोन तुकडे करायचेच नाहीत. सहा महिन्यांनी तपासणी आहे, तेव्हा अँटीबॉडी उतरल्या नाहीत तर ओव्हन विकायचा. हे माझं वाक्य नाही, त्यांचं.

क्र. २ चं टोकन दिलं.

दोन_डब्यांची_आई
केस आणि बाह्या विसरू नका. एप्रनने बाह्या झाकत नाहीत. आणि बाल्कनीतला नळ आहे तर परात तिथेच धुवायची, आत आणायची नाही. बाकी सहा महिन्यांनी इथेच येऊन सांगा, मी धागा वाचनखुणेत टाकलाय.

मधली_खिडकी
बाह्यांचं लक्षात आलं नव्हतं! सांगते त्यांना. स्कार्फ त्यांनी स्वतःच काढून ठेवलाय, निळा.

शेंगा_नकोत
दाराखालच्या फटीला रबरी पट्टी मिळते, ब्रशवाली नको, ब्रशमधे पीठ अडकतं.

खेकडा_उलटा
आणि मागचा बर्नर.

ओटाशास्त्र
फटी भरताना इपॉक्सीचं भरायला सांगा, सिमेंटचं नको, परत काळं पडेल. आणि जुनं पूर्ण खरवडल्याशिवाय वरून थर द्यायला लागला तर त्याला घरी पाठवा.

टवाळपंथी
म्हणजे क्र. १ मोकळं झालं का?

मधली_खिडकी
झालं. चिमणीला पाईप नाही. आणि पेन्सिल अजून तिथेच आहे.